पोपटाच्या चोचीतला माणिक : घरात ऐकणाऱ्या वस्तूंचा इतिहास

१/
दिवाणखान्यातल्या शोकेसवर ठेवलेले एक लहानसे गोल यंत्र सदैव कान टवकारून बसलेले असते. त्याचे नाव घेतले की ते गाणे लावते, हवामान सांगते, दिवा मालवते. नाव घेतले नाही, तरी ते कधी घेतले जाते याची वाट पाहत ते ऐकतच असते. अशी ऐकणारी वस्तू घरात ठेवावी का, आणि ठेवलीच तर तिच्यापासून स्वतःला कसे जपावे, हा प्रश्न विजेहूनही जुना आहे. आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/
आरंभ करू कौटिल्यापासून. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात राजाने मसलत कोठे आणि कशी करावी, याचे विवेचन आहे. जागा अशी असावी की आतला शब्द बाहेर जाऊ नये आणि पाखरांनाही आत डोकावता येऊ नये, असे तो बजावतो. पाखरांचा हा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. पोपट आणि मैना यांनी, तसेच कुत्र्यांसारख्या प्राण्यांनी मसलत फोडल्याचे ऐकिवात आहे, असे कारणही तो देतो.

३/
ज्या ग्रंथात हे आले आहे तो शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये त्याची संहिता छापून प्रसिद्ध केली, आणि पुढे १९६० च्या दशकात र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने काढली. राजनीतीच्या या कोरड्या ग्रंथात पिंजऱ्यातल्या पोपटाला सुरक्षेचा धोका म्हणून स्थान मिळावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

४/
कौटिल्याला माणसांच्या कानांचाही विसर पडलेला नाही. आचारी, न्हाऊ घालणारे, अंथरूण घालणारे यांच्या रूपाने हेर पेरावेत, असे तो सांगतो. मुके, बहिरे, वेडे यांची सोंगे घेतलेले हेरही त्याच्या यादीत आहेत. ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ज्याच्यासमोर माणसे मोकळेपणी बोलतात, तोच उत्तम कान, हे त्यामागचे सूत्र. घरात रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. हे सूत्र पुढे वारंवार भेटेल.

५/
आता राजवाड्यातून गृहस्थाच्या घरात येऊ. अमरुशतक हा सुमारे सातव्या-आठव्या शतकातला संस्कृत मुक्तकांचा संग्रह. त्यातल्या एका प्रसिद्ध मुक्तकाचा प्रसंग असा : रात्री पतिपत्नींमध्ये जे बोलणे झाले, ते घरच्या पोपटाने ऐकले. सकाळी वडीलधारी मंडळी जमली असता तो तेच शब्द मोठ्याने बोलू लागला.

६/
सून लाजेने अर्धमेली झाली. तिने कानातल्या अलंकाराचा माणिक काढला आणि डाळिंबाचा दाणा भरवते आहे अशा बहाण्याने तो पोपटाच्या चोचीत कोंबला. पोपटाचे तोंड बंद झाले. ऐकणाऱ्या घरगुती वस्तूला गप्प करण्याची इतकी नेमकी नोंद भारतीय वाङ्मयात क्वचितच आढळेल. आजच्या यंत्रावर मायक्रोफोन बंद करण्याचे जे बटण असते, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

७/
या प्रसंगातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, पोपट दुष्ट नाही. तो घरच्यांचा लाडका आहे आणि ऐकलेले बोलून दाखवणे हाच त्याचा गुण आहे. दोन, बोलणे दोघांचे होते, पण लाजेचा भार एकटीवर आला, आणि तीही घरातली सर्वांत नवी, सर्वांत कमी अधिकाराची व्यक्ती. तीन, तिने पोपट घराबाहेर काढला नाही. तिला तो अधिकारच नव्हता. तिने हाताशी होते त्याने, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने, वेळ निभावून नेली.

८/
खासगी बोलण्यासाठी वेगळी जागा बांधणे हा सत्ताधाऱ्यांचा उपाय. रायगडावर राजवाड्यालगतच्या तळघराला आजही खलबतखाना म्हणतात. 'खलबत' हा शब्द एकांत या अर्थाच्या अरबी 'खल्वत'वरून फारसीमार्गे मराठीत आला. एकांताचा अर्थ पुढे गुप्त मसलत असा झाला. ज्याच्याजवळ दगडी भिंती आहेत त्याला चोचीत माणिक कोंबावा लागत नाही. इतरांना सवयींवर भागवावे लागते.

९/
श्रीमंतांच्या घरांत सर्वांत मोठी भीती असे ती नोकरांच्या कानांची. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन (कार्यकाळ १८०१ ते १८०९) खासगी मेजवानीच्या वेळी प्रत्येक पाहुण्याजवळ ताटे-वाट्यांची एकेक छोटी मांडणी ठेववीत, म्हणजे वाढप्यांना आत येण्याचे कारणच उरू नये. या मांडणीचे इंग्रजी नाव 'डम्बवेटर', म्हणजे मुका वाढपी. ऐकणारा माणूस काढून न ऐकणारी वस्तू आणणे हा तेव्हाचा उपाय होता. आज आपण नेमके उलट करतो.

१०/
ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या बंगल्यांत छताला टांगलेला पंखा ओढायला माणूस असे. पुष्कळदा पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर नेलेली असे आणि ओढणारा व्हरांड्यात बसे. वारा आत यावा, माणूस बाहेर राहावा. या कामासाठी बहिरे नोकर पसंत केले जात, अशी आख्यायिकाही प्रचलित आहे. ती कितपत खरी हा प्रश्न वेगळा, पण ती प्रचलित व्हावी यातच मालकांच्या मनातली धास्ती दिसते.

११/
मग आला टेलिफोन. १८७६ मध्ये बेलला पेटंट मिळाले आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंजेस सुरू झाली. प्रारंभीच्या यंत्रणेत प्रत्येक संभाषण जोडायला मधे एक माणूस बसलेला असे. दोन घरांमध्ये तार आली, आणि त्या तारेच्या मध्यभागी एक तिसरा कानही आला.

१२/
हा तिसरा कान किती खुपत असे? कॅन्ससमधील अल्मन स्ट्रोजर हे अंत्यविधीच्या व्यवसायात होते. टेलिफोन ऑपरेटर आपली गिऱ्हाईके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय आला, अशी कथा सांगितली जाते. निश्चित आहे ते इतके की त्यांनी ऑपरेटरविना चालणाऱ्या एक्स्चेंजची रचना केली आणि १८९१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आकडे फिरवून नंबर लावण्याची पुढची पद्धत या शोधातूनच विकसित झाली.

१३/
पन्नाशीपुढच्या मराठी वाचकांना आणखी एक व्यवस्था आठवेल : 'पी. पी.' नंबर. घरी फोन नाही म्हणून शेजाऱ्यांचा नंबर द्यायचा. निरोप आला की धावत जायचे आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या टीव्हीचा आवाज कमी झालेला असताना, बोलायचे. स्थळाविषयीची बोलणी, उधारी, आजारपण, सारे 'हो', 'बघू', 'भेटल्यावर बोलू' एवढ्यात आटपावे लागे. 'भेटल्यावर बोलू' हे त्या काळाचे खासगीपणाचे तंत्र होते.

१४/
याच सुमारास कायद्याचा धागाही विणला जात होता. १८९० च्या डिसेंबरात सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात 'खासगीपणाचा अधिकार' मांडणारा लेख लिहिला. झटपट छायाचित्रे काढणारे कॅमेरे आणि घराघरांत नाक खुपसणारी वृत्तपत्रे ही त्याची निमित्ते. नवे यंत्र आले की खासगीपणाची व्याख्या नव्याने करावी लागते, हे तेव्हाच उघड झाले.

१५/
१९२८ मध्ये प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. दारूबंदीच्या काळात सिएटलमध्ये चोरट्या दारूचा मोठा व्यापार करणाऱ्या रॉय ओल्मस्टेडचे फोन सरकारी माणसांनी चोरून ऐकले होते. तारा जोडल्या होत्या त्या घराबाहेर, रस्त्यावर आणि कचेरीच्या इमारतीच्या तळघरात. घरात कोणी शिरलेच नाही, तर घराचा भंग कसा? पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला.

१६/
विरुद्ध मत देणाऱ्यांत तेच ब्रँडाइस होते, आता न्यायमूर्ती म्हणून. विज्ञान इथेच थांबणार नाही, उद्या सरकारला कपाटातले कागद न हलवताही ते न्यायालयात मांडता येतील आणि घरातल्या अत्यंत आतल्या गोष्टी उघड करता येतील, असा इशारा त्यांनी दिला. बहुमताचे लक्ष भिंतीवर होते, ब्रँडाइस यांचे भिंतीआडच्या माणसावर.

१७/
भिंत ओलांडण्याची गरज उरलेली नाही, याचा सर्वांत विलक्षण पुरावा मॉस्कोत मिळाला. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची सुरेख लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आली आणि १९५२ पर्यंत तिथेच राहिली.

१८/
त्या लाकडात एक श्रवणयंत्र दडवलेले होते. त्यात बॅटरी नव्हती, वीज नव्हती, तार नव्हती. बाहेरून रेडिओलहरींचा झोत टाकला की ते जागे होई आणि खोलीतले बोलणे त्या लहरींवर स्वार होऊन बाहेर जाई. झोत बंद, की यंत्र निर्जीव. म्हणूनच ते तपासणीत सापडत नसे. याचे रचनाकार होते लिओन थेरेमिन, हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचे जनक. १९६० मध्ये अमेरिकेने ही राजमुद्रा संयुक्त राष्ट्रांत सर्वांसमक्ष दाखवली.

१९/
राजदूतांच्या घरात असे, तर सामान्य सोव्हिएत नागरिकाने काय करावे? तिथे सवयींचे एक अख्खे शास्त्र तयार झाले. फोनवर उशी ठेवायची. तबकडी अर्धवट फिरवून भोकात पेन्सिल अडकवायची. महत्त्वाचे बोलायचे असल्यास नळ सोडायचा किंवा रेडिओ मोठा करायचा. त्याहून महत्त्वाचे असेल तर बोलायचेच नाही : लहान मुलांच्या पुसता येणाऱ्या पाटीवर लिहायचे, वाचायचे, पुसायचे. 'हे फोनवर बोलण्याचे नाही' हे तर बोलीतले रुळलेले वाक्यच झाले.

२०/
उशीने खरोखर किती आवाज अडत असेल हे सांगणे कठीण. परंतु या सवयींचे काम केवळ आवाज अडवण्याचे नव्हते. समोरच्याला न बोलता इशारा देणे, 'आता आपण सावध आहोत' हे एकमेकांना कळवणे, हेही काम त्या करीत. चोचीतल्या माणकाप्रमाणेच या सवयी स्वस्त होत्या, हातच्या होत्या आणि दुर्बळांच्या होत्या.

२१/
१९६७ हे वर्ष दोन देशांत महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत कॅट्झ खटल्यात न्यायालयाने ओल्मस्टेडची भूमिका सोडून दिली. लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक फोनच्या काचेच्या खोलीवर मायक्रोफोन बसवून एका सट्टेबाजाचे बोलणे टिपले होते. खोली काचेची असली तरी दार लावून बोलणाऱ्याला आपले शब्द जगभर जाणार नाहीत असे मानण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. संरक्षण जागेचे नव्हे, माणसाचे.

२२/
त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईतले एक प्रकरण होते. महापालिकेच्या लिपिकाला लाच देऊ केल्याचा आरोप, आणि लिपिकाच्या घरी दडवलेल्या मायक्रोफोनवर टेपरेकॉर्डरने टिपलेले संभाषण. न्यायालयाने हे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले आणि त्याची तुलना घटनेच्या छायाचित्राशी केली. यंत्र त्याच खोलीत राहणाऱ्याच्या संमतीने बसवले होते. पण पाहुण्याला त्याची कल्पना नव्हती. हा भेद ध्यानात ठेवावा.

२३/
१९७२ च्या 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात पुन्हा मुंबईच आहे. आरोपी होते मुंबईचे कॉरोनर. एका डॉक्टरांच्या संमतीने लाचलुचपत प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी त्यांचे फोनवरचे बोलणे टिपले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालय संरक्षण देईल, मात्र अपराध्याला नाही, असा निकाल लागला. पण ऐकण्यापूर्वी निरपराध कोण हे कसे कळावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

२४/
त्याआधी, १९६२ च्या खरक सिंग निकालात, रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन पाहणी करणे न्यायालयाने अवैध ठरवले होते, पण खासगीपणा हा मूलभूत अधिकार नाही असेही म्हटले होते. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर, घरात वा कचेरीत बसून फोनवर केलेले खासगी बोलणे हा घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचे मान्य झाले. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली फोन ऐकण्यावर प्रक्रियेची बंधने आली.

२५/
आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे जाहीर केले. ही तारीख एका दुसऱ्या तारखेशेजारी ठेवून पाहावी. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, ॲमेझॉनने आपला 'एको' हा आवाजावर चालणारा स्पीकर भारतात आणला. न्यायालयाने घराचे दार बंद करण्याचा हक्क दिला, आणि त्याच ऋतूत आपण ऐकणारे यंत्र पैसे मोजून आत आणले.

२६/
यंत्र कसे ऐकते हे थोडक्यात पाहू. मायक्रोफोन सतत चालू असतो, पण सामान्यतः आवाजाचे शेवटचे काही क्षण यंत्रातच राहतात आणि लगोलग पुसले जातात. 'अलेक्सा' किंवा 'ओके गुगल' असा जागे करणारा शब्द ओळखला गेला की पुढचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि बहुधा साठवले जाते. म्हणजे सारा भरवसा एकाच गोष्टीवर : यंत्राने शब्द नीट ओळखावा.

२७/
ते नेहमी नीट ओळखत नाही. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुम येथील संशोधकांनी यंत्रांना चुकून जागे करणारे हजाराहून अधिक शब्दप्रयोग नोंदवले. 'इलेक्शन' या शब्दाने अलेक्सा जागी होई. त्याच वर्षी अमेरिका व ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्पीकर्सपुढे तासन्‌तास दूरचित्रवाणी मालिका लावून ठेवल्या. सतत ध्वनिमुद्रण होत असल्याचा पुरावा मिळाला नाही, परंतु दिवसातून काही वेळा यंत्रे अकारण जागी झाली.

२८/
म्हणजे 'ते सगळेच ऐकून पाठवते' ही भीती अतिरंजित, आणि 'हाक मारल्याशिवाय ते काहीच पाठवत नाही' हा विश्वासही भाबडा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एका जोडप्याचे घरातले बोलणे त्यांच्या ओळखीच्या माणसाला परस्पर पाठवले गेले. पार्श्वभूमीतले शब्द यंत्राने एकामागून एक आज्ञा म्हणून ऐकले, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. पोपटाने वडीलधाऱ्यांसमोर बोलून दाखवले, तेच हे.

२९/
पोपटाला मात्र एक मर्यादा होती. तो विसरत असे, आणि त्याचे बोलणे अंगणापलीकडे जात नसे. २०१५ मध्ये आर्कान्सा राज्यात एका घरी एक माणूस मृत सापडला, तेव्हा पोलिसांनी त्या घरातल्या एकोचे ध्वनिमुद्रण मागितले. ॲमेझॉनने आधी विरोध केला. पुढे आरोपीनेच संमती दिल्यावर ते सुपूर्द झाले आणि अखेरीस खटला मागे घेण्यात आला. निकाल काहीही असो, दिवाणखान्यातली वस्तू साक्षीदार होऊ शकते, हे लोकांना तेव्हा कळले.

३०/
२०१९ मध्ये दुसरा धक्का बसला. ॲमेझॉनसाठी काम करणारी माणसे अलेक्साचे निवडक ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढतात, असे वृत्त एप्रिलमध्ये ब्लूमबर्गने दिले. ती माणसे बोस्टन, कोस्टा रिका, रोमानिया आणि भारतातही होती. जुलैमध्ये बेल्जियमच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने गुगलची हजारावर ध्वनिमुद्रणे ऐकली. त्यातली १५३ कधी टिपलीच जायला नको होती. ॲपलनेही सिरीची अशी तपासणी ऑगस्टमध्ये थांबवली आणि नंतर ती वापरकर्त्याच्या स्पष्ट संमतीवर सोडली.

३१/
थोडक्यात, स्ट्रोजर यांनी तारेमधला जो माणूस काढून टाकला होता, तो पुन्हा तिथे येऊन बसला होता. फरक इतकाच की आता तो दिसत नव्हता, त्याचे नाव ठाऊक नव्हते, आणि तो बहुधा आपल्यासारखाच कोणी पगारी नोकर होता, ठरलेले काम तासांत उरकणारा.

३२/
मग लोक स्वतःला जपतात का? २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्पीकर वापरणाऱ्या १७ आणि न वापरणाऱ्या १७ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. मायक्रोफोन बंद करण्याचे बटण वापरणारे फारच थोडे निघाले. न वापरणाऱ्यांपैकी अनेकांचा कंपन्यांवर विश्वास नव्हता. वापरणारे 'आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे' असे म्हणत सोयीच्या बदल्यात थोडा खासगीपणा सोडण्यास तयार होते.

३३/
२०१९ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ११६ स्पीकरधारकांना त्यांचीच जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली. आपले बोलणे कायमचे साठवले जाते आणि ते आपल्याला पाहता येते, हे जवळजवळ निम्म्यांना माहीत नव्हते. कधी काही पुसून टाकणारे तर अगदी थोडे. पण एक निरीक्षण महत्त्वाचे : स्वतःच्या आवाजाबाबत बेफिकीर असलेली माणसे मुलांच्या आणि पाहुण्यांच्या आवाजाबाबत मात्र हळवी झाली.

३४/
इथे पुन्हा अमरुशतकातल्या सुनेकडे यावे लागते. पोपट पाळण्याचा निर्णय तिचा नव्हता. आज स्पीकर कोण विकत घेतो? खाते कोणाच्या नावावर असते? जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्याची सोय कोणाच्या मोबाइलमध्ये असते? बहुतेक घरांत उत्तर एकच व्यक्ती असते. बाकीचे, म्हणजे पत्नी किंवा पती, सासू-सासरे, शिकणारी मुले, कामाला येणाऱ्या मावशी, आलेले पाहुणे, केवळ ऐकले जातात.

३५/
घरकामाच्या मावशींचा विचार विशेष करावा. शतकानुशतके मालकांना नोकरांच्या कानांची भीती वाटत आली, त्यासाठी मुके वाढपी आले, पंख्याची दोरी भिंतीबाहेर गेली. आता कान मालकाचा आहे आणि बोलणे मावशींचे : स्वयंपाकघरातून मुलाशी फोनवर, दुसऱ्या घरच्या बाईंविषयी, पगाराविषयी. त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्या बटण बंद करा असे म्हणू शकत नाहीत. १९६७ च्या मुंबईतल्या प्रकरणात घरच्या माणसाची संमती पुरेशी ठरली होती. आजही व्यवहारात तीच पुरेशी मानली जाते.

३६/
कायदा इथे अर्धाच पोचतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवर संमतीचे बंधन घातले, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली. मात्र व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कंपनी आणि घर यांच्यामधली सीमा कायद्याने आखली. घराच्या आतली सीमा घरच्यांनीच आखायची आहे.

३७/
मुलांचा प्रश्न काल्पनिक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, मुलांचे आवाज अकारण साठवून ठेवल्याच्या आणि पालकांनी सांगूनही माहिती पूर्णपणे न पुसल्याच्या आरोपावरून, ॲमेझॉनवर कारवाई केली. कंपनीने २.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यापूर्वी २०१७ मध्ये जर्मनीने मुलांशी बोलणारी 'केला' ही बाहुली छुपे श्रवणयंत्र ठरवून तिच्या विक्रीवर बंदी घातली होती.

३८/
सवयींच्या इतिहासातला ताजा टप्पा २८ मार्च २०२५ चा. काही एको यंत्रांवर 'आवाज बाहेर न पाठवता यंत्रातच समजून घे' असा पर्याय होता. तो या दिवसापासून बंद झाला. आज्ञेचा आवाज सर्व्हरकडे जाणारच. तो साठवू नये, एवढेच सांगता येते. सुनेच्या हातातला माणिक तिचा स्वतःचा होता. सेटिंगमधला पर्याय मात्र कंपनीचा असतो. तो दिला जातो, तसा काढूनही घेतला जातो.

३९/
म्हणून जे उपाय आपल्या हातात राहतात ते इतिहासातल्यासारखेच साधे आहेत. यंत्रावरचे मायक्रोफोनचे बटण दाबावे. महत्त्वाच्या बोलण्याआधी प्लग काढावा. शयनगृहात आणि आजारी माणसाच्या खोलीत ते ठेवूच नये. ध्वनिमुद्रण साठवू नये असे सेटिंगमध्ये ठरवावे आणि जुने पुसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात येणाऱ्याला सांगावे : "हे ऐकते, नको असेल तर बंद करतो." मावशींनाही सांगावे, आणि बटण कुठे आहे ते दाखवून ठेवावे.

४०/
कौटिल्याने पाखरांनाही मसलतीपासून दूर ठेवण्यास सांगितले ते राजासाठी. राजाजवळ खलबतखाना होता. उरलेल्यांजवळ उशी होती, पाटी होती, सोडलेला नळ होता, 'भेटल्यावर बोलू' होते. या वस्तू ज्यांनी वापरल्या त्यांना ऐकणारे यंत्र घराबाहेर काढता येत नव्हते. आपल्यापैकी अनेकांना ते येते. निदान घरातल्या ज्यांना येत नाही त्यांच्या हाती एक माणिक तरी असावा.

धागा समाप्त. आपल्या घरी, चाळीत वा गावात फोनवर बोलताना वापरले जाणारे सांकेतिक शब्द आठवत असतील तर खाली अवश्य लिहावेत. तेही या इतिहासाचेच साधन आहे.